साहेब, मी तलावावरून बोलतोय

आमच्या पुण्याच्या साहेबांनी कुठेतरी वाचलं, की चालताना माणसाला जास्त सुचतं. ते खोटंही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2014 च्या अभ्यासात चालणाऱ्यांची सर्जनशीलता सरासरी 60 टक्क्यांनी वाढलेली दिसली होती. त्याच अभ्यासात कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही भरपूर सुचलं होतं, पण हे वाक्य साहेबांच्या मेलमध्ये नव्हतं. मेलमध्ये एवढंच होतं, की यापुढे फोनवरच्या मीटिंगा चालत चालत करायच्या. म्हणून घरून काम करणारे आम्ही आता रस्त्यावर आलोय.

साहेबांना सकाळी दहाची टेकडी परवडते. जळगावात मे महिन्यात पारा 44-45 ला टेकला, की त्या वेळी कुत्रंही सावली सोडत नाही. म्हणून माझी मीटिंग सातला, मेहरूण तलावाच्या काठी. आणि सातला तिथे अर्धं जळगाव असतं.

कानात इअरफोन घालून बोलत चाललेला माणूस इथे कामात आहे असं कुणी धरतच नाही. "काय भाऊ, दिसत नाही हल्ली!" म्हणून वाट अडवतात. मी कानाकडे बोट दाखवतो. "कान दुखून राहिला का?" मग लसूण घालून तेल कसं कढवायचं ते सविस्तर. तिकडे साहेब विचारतात, "तुमचं काय मत?" माझं मत तेव्हा लसणापाशी असतं.

परवा क्लायंट दर पाडून मागत होता. मी म्हटलं, "सर, पंधरा टक्के कमी म्हणतोय. देऊन टाकू या?" शेजारून चाललेले टोपीवाले आप्पा जागीच थबकले. रावेरकडचे, केळीवाले, मुलाकडे आलेले.

"बिलकूल देऊ नको भाऊ! यापारी पहिले पाडूनच मांगतो. माल बागातच उभा आहे ना?"

मी मान डोलावली. सॉफ्टवेअर तसं उभंच होतं.

"मग दोन दिवस दम धर. तोच फोन करीन."

फोनवर सगळे गप्प. मग साहेबांचा आवाज : "हे कोण बोलले?"

"सीनियर आहेत सर."

आम्ही दम धरला. क्लायंटनेच फोन केला. पुढच्या मीटिंगच्या निमंत्रणाखाली साहेबांनी लिहिलं, 'त्या सीनियरनाही घ्या.' आप्पांना विचारलं, तर ते यायला तयार आहेत. फक्त सातला ऊन फार चढतं, साहेबाला म्हणा पाचला ठेव.