'रॉट' हे 'वर्क'चं रूप आहे, 'रीक'चं नाही

काल भाचीची वही चाळताना 'रीक' (wreak) या इंग्रजी क्रियापदाच्या भूतकाळापुढे 'रीक्ड' दिसलं, त्यावर लाल काट, आणि शेजारी 'रॉट' (wrought). म्हणजे 'रॉट आयर्न'मधलं, कुजण्याचं नव्हे. क्लासच्या ग्रुपवर मेसेज आला होता: 'रॉट हा रीकचा जुना भूतकाळ. रीक म्हणजे सूड उगवणं, कहर करणं. म्हणून रागाने पिळलेलं लोखंड ते रॉट आयर्न. त्यातला डब्ल्यू नुसता शोभेचा.' हाच मेसेज मलाही तिघांनी पाठवला होता, मी सोडून दिला. पोरीने बरोबर लिहिलेलं उत्तर त्यापायी खोडलं, आता गप्प बसवत नाही.

ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडा. 'रॉट' हे 'वर्क'चं जुनं रूप आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा भूतकाळ होता 'वोर्ह्‌टे'. पुढे 'र' आणि स्वराने जागा बदलल्या. आपण नुकसानचं नुस्कान करतो, तसंच. 'रीक'चा जुना भूतकाळ 'व्रॅक'. त्यात 'ट' कुठून येणार?

लोखंडाचा मुद्दा तर डोकं फिरवणारा आहे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओततात, ते ठिसूळ, घणाखाली फुटतं. घडीव लोखंड तापवून, ठोकून आकाराला आणतात. 'रॉट' म्हणजे हेच, घडवलेलं. मराठीत इतका नेमका शब्द असताना लोहाराच्या माथी राग कशाला मारायचा? दिल्लीत मेहरौलीचा लोहस्तंभ घडीव लोखंडाचा आहे, सात मीटरांहून उंच. त्याला कुठे पीळ दिसतो?

1844 मध्ये तारयंत्रवाल्या मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार केली, 'व्हॉट हॅथ गॉड रॉट'. वाक्य बायबलातलं. मेसेजवाल्याचा अर्थ लावला तर देव तारेवरून सूड उगवत होता! अर्थ साधा आहे: देवाने केवढं घडवलं!

डब्ल्यू शोभेचा नाही, एके काळी तो स्पष्ट उच्चारत.

एक मान्य करतो. 'रॉट हॅवॉक' (कहर केला) असं लोक लिहितात आणि ते चूकही नाही, कारण 'वर्क हॅवॉक' असंही म्हणत. शिवाय 'सीक'चं 'सॉट' होतं, म्हणून 'रीक'चं 'रॉट' कानाला पटतं. पण 'रीक'चा भूतकाळ 'रीक्ड'च.

भाचीने काट खोडून 'रीक्ड' परत लिहिलं. मग विचारलं, "मामा, प्लेराइट (playwright, नाटककार) मधला राइट?" तोही याच घरातला. राइट म्हणजे कारागीर. राइट बंधूंचं आडनावही तेच.