पाण्यात राहून तहानलेलं

ऑर्किडला फुलं असतात तोवर त्याला काही होत नाही. फुलं गळाली की उरतात पाच पानं आणि आपली काळजी. आमच्याकडच्या झाडाचं सगळ्यात खालचं पान पिवळं पडलं आणि मी घरच्या घरी डॉक्टरकी सुरू केली. तळाचं एखादं पान वयोमानाने पिकतं, गळतं, एवढं साधं निदान होतं. पण डॉक्टरकी एकदा सुरू झाली की रोग सापडतातच.

वरच्या पानावर उभ्या सुरकुत्या दिसल्या. सुरकुती म्हणजे तहान, हे कळायला काय शिकायचंय? पाणी घातलं. आठवड्याने पान लोळलं. आणखी घातलं. शेजारचंही लोळलं. तेव्हा बायको म्हणाली, "अहो, त्याला पाजता त्याच्या निम्मं तरी पाणी स्वतः पीत जा."

मग कुंडीबाहेर लोंबणारी मुळं डोळ्यांत खुपू लागली. मुळाची जागा आत, हा माझा बाळबोध हिशेब. वाकली तेवढी आत कोंबली, दोन-तीन ताठर निघाली, ती नाइलाजाने बाहेरच राहिली. पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला, म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड! स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कापूस. पुन्हा पुसला. पाच दिवसांनी लक्षात आलं, तो माझ्याच बोळ्याचा होता.

या झाडाला फॅलेनॉप्सिस म्हणतात. ब्लूम नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ साली ठेवलेलं नाव, अर्थ 'पतंगासारखं'. पतंग दिव्यावर झेपावतो म्हणतात. इथे दिवाच झारी घेऊन पतंगाच्या मागे लागला होता.

शेवटी वर्तमानपत्र पसरून कुंडी उपडी केली. आधी वास आला. कुंडीत झाडाच्या सालीचे जे तुकडे घातले होते, त्यांचा काळा चिखल झाला होता, आणि त्यात तपकिरी मुळं. एक चिमटीत धरून ओढलं तर वरचं आवरण मोज्यासारखं सरकून हातात आलं, आत नुसता दोरा. चांगलं मूळ बोटांना टणक लागतं, कोरडं असताना चंदेरी आणि भिजलं की हिरवं दिसतं. वरचं ते स्पंजासारखं आवरणच पाणी शोषतं. हे झाड मूळचं झाडांच्या फांद्यांवर राहणारं. बांडगूळ नव्हे, फुकट काही घेत नाही, फक्त टेकायला जागा लागते. मुळांना पाऊस हवा आणि लगेच वाराही. मी त्यांना बारमाही डबक्यात बसवलं होतं. मुळं कुजली, आता पाणी प्यायचं कशाने? म्हणून पानं सुरकुतलेली. पाणी कमी पडलं तरी पान असंच दिसतं आणि जास्त झालं तरी असंच. पान नुसतं कण्हतं, दुखणं कुठे आहे ते मुळांनाच विचारावं लागतं. मी मात्र महिनाभर पानाचीच नाडी धरून बसलो होतो.

कात्री स्पिरिटने पुसून मऊ पडलेलं सगळं कापलं. उरली चार मुळं. त्यातली तीन कोणती, तर मला आत कोंबता न आलेली. बायकोने ती मोजली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आता ताजी साल, भोकांची पारदर्शक कुंडी. मुळं चंदेरी दिसली तरच पाणी, तेही वरच्या पानांच्या मधल्या खोबणीत साचू न देता, नाहीतर शेंडाच कुजायचा. लोळलेली पानं पुन्हा पहिल्यासारखी ताठ होणार नाहीत, त्यांच्या सुरकुत्या आता कायमच्या. भिस्त नव्या मुळावर. परवा सकाळी टॉर्च घेऊन पाहिलं तर बुडाशी काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढं हिरवं टोक. आनंदाने झारी आणायला धावलो.

झारी जागेवर नव्हती. दोन दिवस झाले, अजून सापडलेली नाही. बायको म्हणते, असेल इथेच कुठेतरी.