बोटं हलतात म्हणजे हाड शाबूत, हे कुणी सांगितलं?

आमच्या मावशीनं पाठवलेला मेसेज आधी थोडक्यात सांगते, तुमच्याही घरच्या ग्रुपवर तो आला असणारच. "पाय मुरगळला? एक्सरे काढू नका, लुटले जाल!" असा मथळा आणि खाली मुद्दे. बोटं हलत असतील तर हाड मोडलेलं नाही. चालता येत असेल तर नक्कीच नाही. गरम विटेचा शेक द्या, तेल लावून जोरात चोळा. हळद-चुन्याचा लेप लावून वर कामट्या घालून आवळून बांधा, 7 दिवस सोडू नका, लेप लाल झाला की समजा आतलं खराब रक्त बाहेर आलं. प्लास्टरनं पाय कायमचा बारीक होतो. तिसऱ्या दिवशी चालायलाच पाहिजे नाहीतर सांधा धरतो. कांडवेलीनं 11 दिवसांत हाड जुळतं. आणि वॉकर एकदा हातात घेतला की सुटत नाही.

मी साताऱ्याला नोकरीला, आई आणि अण्णा सांगलीत, गावभागातल्या जुन्या घरात. आई 62 वर्षांची, शुगर बरीच वर्षं. रविवारी सकाळी पायऱ्या धुताना ओल्या पायरीवर तिचा पाय बाहेरच्या कडेवर वळला. मी फोनवर म्हटलं एक्सरे काढून घे, तर म्हणते कशी, "अगं बोटं हलत्यात की, मावशीनं पाठवलंय ते वाच." मी वाचलं, चिडले, पण ऑफिसातून निघायला गुरुवार उजाडला. तोपर्यंत मावशी तासगावहून बसनं येऊन लेप लावून गेली होती. गुरुवारी दुपारी मिरजेला नेऊन एक्सरे काढला तेव्हा करंगळीच्या मागचं जे लांब हाड असतं त्याला चीर दिसली. म्हणजे 4 दिवस आई मोडक्या हाडावर घरभर फिरत होती, चहा करत होती.

तर आता बोटांचं. पायाची बोटं वरखाली करणारे मोठे स्नायू पावलात नसतातच, ते गुडघ्याखाली पोटरीत आणि नडगीच्या बाजूला असतात, तिथून लांब दोऱ्यांसारखे स्नायुबंध घोट्यावरून पुढं बोटांपर्यंत जातात. दोरी शाबूत असली आणि वरून ओढली की बोट हलणार, मधल्या हाडाला चीर असो नसो. पावलात 26 हाडं आहेत, त्यातलं एखादं मोडलं तरी पाचही बोटं मजेत हलू शकतात. डॉक्टर बोटं हलवायला सांगतात ते नस आणि स्नायुबंध शाबूत आहेत का बघायला, हाड मोडलंय का बघायला नव्हे. कुणीतरी दवाखान्यात ते अर्धवट बघितलं असणार आणि त्याचा नियम करून टाकला.

आईचं जे हाड चिरलं त्याच जागेच्या मोडीला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात, रॉबर्ट जोन्स या लिव्हरपूलच्या हाडांच्या सर्जनच्या नावावरून. त्यानं 1902 साली त्यावर लेख लिहिला, आणि लेखातला पहिला पाय त्याचा स्वतःचाच होता. नाचताना त्याचा पाय असाच बाहेरच्या कडेवर पडला, आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याला वाटलं स्नायुबंध तुटला. हाड मोडल्याचं एक्सरेनंच कळलं. त्या काळातल्या इतक्या मोठ्या हाडांच्या डॉक्टरला स्वतःच्या पायाचं हातानं चाचपून कळलं नाही, आणि आपण बोटं हलवून ठरवणार? हा जोन्स ज्या ह्यू ओवेन थॉमसच्या हाताखाली शिकला तो पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातला होता हेही सांगते. हाड बसवणाऱ्या जाणत्या हातांबद्दल माझ्या मनात आकस नाही. आमच्याकडंही पूर्वी एक्सरे कुठं होता, हाडवैद्यच होते, आणि त्यांनी पुष्कळांचे खांदे बसवलेत. पण त्या थॉमसच्या हाडवैद्य बापानंच आपल्या पाचही मुलांना रीतसर डॉक्टरकी शिकायला पाठवलं होतं.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी खरी आहे, ती मान्य करायला जीवावर येतं पण करते. मुरगळलेल्या प्रत्येक पायाला एक्सरे लागत नाही. घोटा मुरगळून दवाखान्यात येणाऱ्यांपैकी 15 टक्क्यांहून कमी लोकांचं हाड मोडलेलं असतं. म्हणूनच तर कॅनडात ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये नियम काढले, एक्सरे कुणाला लागेल आणि कुणाला नाही याचे. सोपे आहेत. घोट्याची जी दोन हाडं दोन्ही बाजूंना वर आलेली असतात, त्यांच्या टोकाला किंवा मागच्या कडेला खालच्या 6 सेंटीमीटरात दाबल्यावर हाडावरच दुखतंय का. पायाच्या बाहेरच्या कडेला करंगळी आणि टाच यांच्या साधारण मधोमध जो उंचवटा हाताला लागतो, तिथं दाबल्यावर दुखतंय का. आतल्या बाजूला घोट्याच्या जरा पुढं खाली नावेच्या आकाराचं हाड असतं, त्यावर दुखतंय का. आणि पडल्यावर लगेच आणि तपासणीच्या वेळी, अशा दोन्ही वेळा, लंगडतसुद्धा 4 पावलं टाकता येत नाहीत का. घोट्यापाशी किंवा पावलाच्या मधल्या भागात दुखतंय आणि यातलं एक जरी आढळलं तरी एक्सरे काढायचा. ब्रिटिश मेडिकल जर्नलनं 2003 मध्ये 27 अभ्यास एकत्र करून, 15 हजारांवर पेशंट धरून, हे नियम तपासलेले छापले. नियमांनी "नको" म्हटलेल्यांत हाड मोडलेले 2 टक्क्यांहूनही कमी निघाले. म्हणजे फालतू एक्सरे वाचवायचे असतील तर त्याचा तपासलेला रस्ता आहे, आणि त्यात बोटं हलवणं कुठंही नाही.

आता "चालता येतंय म्हणजे मोडलं नाही" हेही त्यातच आलं. चालणं हा त्या नियमांतला एक भाग आहे, सगळा नियम नाही, दाबून बघायचं राहिलं की उपयोग शून्य. आणि खरा धोका पुढं आहे. ज्यांच्या पायाची संवेदना कमी झालीय त्यांना हे नियमसुद्धा लावायचे नाहीत. शुगर असलेल्या माणसाचा तळपाय बधिर होतो, मुंग्या येतात, नंतर त्याही कळेनाशा होतात. आई 4 पावलं काय 40 चालली, कारण तिला दुखतच नव्हतं फारसं! आम्ही त्याला सहनशक्ती म्हणत होतो. घरात शुगरचं माणूस पडलं, पाय सुजला, तर दुखो न दुखो सरळ एक्सरे काढा, बाकी कुठल्याही चर्चेत जाऊ नका.

लेपाबद्दल बोलायचं तर माझा हात अजून थरथरतो. गुरुवारी मी घरात शिरले तर आईचा पाय उशीवर, वर जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधलेली, दोन्ही बाजूंना कामट्या, आणि पट्टीतून बाहेर आलेली बोटं फुगून निळसर. हात लावला तर गार. मी कात्रीनं पट्टी कापली. आई खूश होती, म्हणाली, "बघ, लेप लालभडक झालाय, खराब रक्त निघालं समदं."

आपण सांगलीचे. हळदीचा बाजार आपला, 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्याचं आपल्याला केवढं कौतुक. आणि आपल्यालाच कळू नये की हळदीत चुना मिसळला की ती लालच होते? कुंकू कसं करतात मग? वाटीत हळद घ्या, बोटभर ओला चुना घाला, पाणी टाकून कालवा, तिथंच लाल होतंय, त्याला पाय लागत नाही की रक्त लागत नाही. चुना क्षारयुक्त, त्यानं हळदीचा रंग पालटतो, एवढंच आहे ते. मावशीनं लेप कालवतानाच तो लाल झाला असणार, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला असणार, आणि तरी 4 दिवसांनी तोच लाल रंग आईच्या पायातलं खराब रक्त ठरला. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण हे खोटं पकडायला डॉक्टर व्हावं लागत नव्हतं.

बरं, रंगापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. ओल्या चुन्यानं कातडी भाजते. खाली पाय बधिर, त्यावर आधी गरम विटेचा शेक दिलेला, वीट किती तापलीय ते आईच्या पायाला कळलेलंच नाही. लेप धुतला तेव्हा घोट्याखाली आणि टाचेच्या कडेला चिंचोक्याएवढे फोड होते, दोन फुटलेले. शेकाचे की चुन्याचे कुणास ठाऊक, दोन्हीचे असतील. मिरजेच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि म्हणाले पक्कं प्लास्टर घालता येत नाही, जखमा रोज बघायला लागतील, म्हणून मागून नुसता स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर. शुगरच्या माणसाची टाचेजवळची जखम म्हणजे काय असतं ते ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको. हाडाचं एकवेळ परवडलं म्हणायची वेळ आली.

आणि आवळून बांधणं. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढत असते, तुम्ही रविवारी घट्ट बांधलंत की सोमवारी ते आपोआप आणखी घट्ट होतं, आत जागाच उरत नाही, रक्त पुढं जात नाही. अशा आवळलेल्या कामट्यांखाली हातपाय काळे पडून कापायला लागलेत, आपल्या देशातल्या डॉक्टरांनी हे पुन्हा पुन्हा लिहून ठेवलंय. बोटं निळी, गार, बधिर झाली, किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं, तर बांधलेलं त्याच मिनिटाला सोडायचं, 7 दिवस मोजत बसायचं नाही. प्लास्टरखाली असं झालं तरी रात्र असो पहाट असो दवाखाना गाठायचा. चोळण्याचंही तेच, मोडलेल्या हाडावर जोरात चोळलं तर न सरकलेलं हाड सरकू शकतं. सूज उतरवायची तर पाय उशांवर छातीपेक्षा वर ठेवा, खर्च शून्य.

बाकीचे मुद्दे पटकन. प्लास्टरनं पाय बारीक होतो हे खरं आहे, न वापरलेला स्नायू झडतोच, पण व्यायामानं तो परत भरतो, कायमचा वगैरे काही नाही. तिसऱ्या दिवशी चालायचं, यातही थोडं तथ्य आहे, नुसता लचकलेला घोटा लवकर हलवायला लागलेलं बरं, महिनाभर गादीत पडून राहणं चुकीचंच. पण ते नुसता लचकलेला असेल तर. आईची चीर अशा जागी आहे जिथं रक्तपुरवठा मुळात कमी, तिथलं हाड जुळता जुळत नाही, म्हणून 6 आठवडे पाय टेकायचाच नाही असं सांगितलंय. कुठला पाय कधी टेकायचा ते एक्सरेवर ठरतं. कांडवेलीची चटणी आवडत असेल तर खावी, पण पायाचं हाड 11 दिवसांत जुळत नाही, 6 ते 8 आठवडे तर धराच, शुगर असेल तर जास्तच.

आणि वॉकरची सवय. हा मुद्दा वाचायला साधा वाटतो, पण घरी आल्यावर आईनं खरा त्रास यापायी काढला. अण्णांनी वॉकर आणला तर ती हातच लावेना, म्हणे एकदा धरला की मरेपर्यंत धरावा लागतोय, मेसेजमध्ये आहे. भिंतीला धरून एका पायावर उड्या मारत न्हाणीकडं जायची. तिसऱ्या रात्री उंबऱ्याशी तोल गेला, अण्णा मागंच होते म्हणून दंडाला धरलं, नाहीतर कंबरेचं हाड गेलं असतं. मी तिला एवढंच विचारलं, तुझा स्लॅब 6 आठवड्यांनी निघणार ना, मग वॉकर कसा राहील? तेव्हा तिनं तो धरला.

तुमच्याकडं कुणी असंच अडकलं असेल तर आम्हाला उपयोगी पडलेलं सांगते. वॉकरची मूठ सरळ उभं राहून मनगटाच्या उंचीला हवी. आधी वॉकर पुढं, मग हातांवर भार देऊन चांगल्या पायानं छोटी उडी, वॉकरच्या पार पुढच्या दांडीपर्यंत जायचं नाही. कुबड्या असतील तर भार हातांवर, काखेत नाही, काख आणि कुबडीत दोन-तीन बोटांचं अंतर, नाहीतर नस दबून हात लुळा पडतो. पाय टेकायची परवानगी मिळाल्यावर काठी घ्याल ती दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. घरातली पायपुसणी आणि गोधड्यांची टोकं उचलून टाका. रात्रीसाठी पलंगाजवळ कमोडची खुर्ची ठेवा, आईला पहिले दोन दिवस फार लाजल्यासारखं झालं, मग अण्णांनीच ती पडद्याआड सरकवली आणि विषय संपला. पायऱ्या ती बसून, एक एक सरकत उतरते. भाजी पलंगावर बसून निवडते, त्यानं दिवस जातो. पोटरी अचानक दुखून सुजली, दम लागला, तर मात्र थांबायचं नाही, पाय हलत नसला की रक्ताची गाठ होऊ शकते.

मंगळवारी पुन्हा एक्सरे आहे. मावशी, तू लेपाची वाटी मांडीवर धरून बसनं आलीस ते मायेनंच आलीस, हे मला कळतं आणि आईलाही कळतं. पण तो मेसेज ग्रुपवर अजून आहे आणि परवा मामींनी त्याच्याखाली हात जोडलेत. काढता येत नसेल तर त्याच्याच खाली तुझ्या हातानं लिही, की आक्काच्या पायाची बोटं हलत होती आणि तरी हाड मोडलं होतं.