आईबाबांना तिकडे बोलावताना

गेले बारा दिवस ठाण्याला माहेरी आहे, पाचपाखाडीला. मोठी 4 वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा, दोघं मेच्या उकाड्यात उघडीवाघडी आंबा खात बसतात आणि आई मागे ओला पंचा घेऊन. परवा दुधाचा हिशोब बघायला म्हणून तिने गेल्या वर्षीचं कालनिर्णय काढलं. ती प्रत्येक तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात काहीतरी लिहीत असते, दूध, इस्त्री, भिशी, कोणाकडे हळदीकुंकू, बाबांची बीपीची तपासणी. आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर तिन्ही पानं कोरी. त्या महिन्यांत दोघं जर्मनीत फ्रँकफर्टला आमच्याकडे होते.

मला ते बघून फार वाईट वाटलं आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

आम्ही त्यांना बोलावलं कारण धाकटा किटात म्हणजे तिथल्या पाळणाघरात जायला लागणार होता. तिथे मूल पहिल्या दिवसापासून सोडून निघून जाता येत नाही, आधी आई किंवा बाबाने सोबत बसायचं, मग पंधरा मिनिटं बाहेर जायचं, मग अर्धा तास, असं करत करत काही आठवडे जातात. पद्धत चांगलीच आहे, मुलासाठी तर फारच. पण मूल रुळलं की सर्दी, ताप, जुलाब सुरू होतात, आणि तापात किटात घेत नाहीत. मग घरी कोण? तर आजी. आमच्या तिकडच्या मराठी मंडळींत हे सर्रास चालतं, आधी आईबाबा 90 दिवस, ते परतले की सासूसासरे 90 दिवस, 180 दिवसांत 90 हा शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, हिशोब सगळ्यांना तोंडपाठ.

पण तिथे सरकारी आरोग्य विमा असेल तर मूल आजारी पडल्यावर प्रत्येक पालकाला दर मुलामागे वर्षाला 15 दिवस रजा मिळते, पगाराचा बराचसा भाग विमा देतो. आम्हा दोघांची, दोन मुलांची मिळून 60 दिवस झाली. त्यातली आम्ही गेल्या वर्षी चार वापरली. चार! कारण आई होती ना घरी.

डिसेंबरात तिथे साडेचारला अंधार पडतो. बाबा इथे रोज सहाला तलावपाळीला जातात, कोपिनेश्वराचं दर्शन घेतात, मग कट्ट्यावर त्यांचे चार मित्र. तिथे ते खिडकीशी बसायचे. भाषा येत नाही, गुडघा दुखतो, बर्फात पाय घसरायची भीती, आणि व्हिसासाठी जो 30,000 युरोचा विमा काढतो तो जुन्या दुखण्यांना बहुतेक वेळा चालत नाही, म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या डब्यात मोजून आणलेल्या.

आईला काल विचारलं, खरं सांग, कंटाळलेलीस का. मेथी निवडत होती, म्हणाली, "कंटाळा नाही गं, पोरांपाशी कसला कंटाळा. पण तू ऑफिसला गेलीस की मी घड्याळच बघायचे. आणि शेजारच्या काकूंचं ऑपरेशन झालं तेव्हा मी इथे नव्हते, ते राहूनच गेलं." तीस वर्षांचा शेजार आहे हा, आमच्या दोघी बहिणींच्या वेळेला त्याच काकू हॉस्पिटलात रात्री बसल्या होत्या.

बाळंतपणाची गोष्ट वेगळी, तेव्हा आई हवीच, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण त्यानंतरची आजारपणं आपण काढायची, रजा आपण टाकायच्या, बॉसला आपण सांगायचं. आईबाबांना विचारल्यावर ते कधीच नाही म्हणणार नाहीत, म्हणून तर विचारताना आपण दहादा विचार करायला हवा. आणि मुलं लहान आहेत तोवर आपणच जास्त वेळा इथे यायला हवं, कारण सहाव्या वर्षी शाळा लागली की शाळेच्या सुट्टीशिवाय त्यांना बाहेर नेता येत नाही तिथे. आम्ही यंदा गणपतीला परत येतोय, तिकिटं महाग आहेत, तरी काढली.

आईबाबा आता पुढच्या वर्षी जूनमध्ये येतील, तीनच आठवडे, मुलं किटात, आम्ही दोघं आळीपाळीने रजेवर. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. हे सांगितल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, तुमच्या त्या नदीवर संध्याकाळी बसायला बाकं आहेत का गं?

आहेत बाबा. माईनच्या काठाने भरपूर आहेत. गेल्या वेळी मी तुम्हाला एकदाही नेलं नाही तिथे.