आ वासून सोडवलेलं कोडं

डावा ओठ अजून पुरता माझ्या ताब्यात आलेला नाही, म्हणून लिहूनच सांगतो. तसाही आज दुपारी बोलून काही उपयोग झाला नव्हता.

खालची दाढ, रूट कॅनल, तिसरी बैठक. दुखलं अजिबात नाही. आमच्या डॉक्टरांचा हात फार हलका आहे. जड आहे ते त्यांचं तोंड. त्यांना कोडी घालायची सवय आहे, आणि तीही तुमच्या तोंडात कापसाचे दोन बोळे, लाळ ओढणारी नळी, आरसा आणि एक गुणगुणणारी सुई गेल्यानंतर. त्याआधी दहा मिनिटं मी खुर्चीत मोकळ्या तोंडाने बसलो होतो. तेव्हा ते मोबाइल बघत होते.

"हं, ऐका. एक कैदी आहे. दर आठवड्याला त्याला बायकोचं पत्र येतं. जेलर महाकाटेकोर. पत्र उजेडात धरतो, गरम करतो, पाण्यात बुडवतो, आणि आक्षेपार्ह वाटेल तो प्रत्येक शब्द काळ्या शाईने खोडतो. मगच पत्र कैद्याला देतो. तरीही बाहेर काय ठरलंय, कधी ठरलंय, ते कैद्याला बरोबर कळतं. कसं? मी फक्त हो, नाही किंवा गैरलागू एवढंच सांगणार. विचारा प्रश्न!"

मी "आ" म्हणालो. आधीपासून तेच म्हणत होतो.

आता गंमत अशी की हा विषय मला थोडाफार ठाऊक आहे. पत्र गरम करणं आणि बुडवणं म्हटल्यावर मला लगेच जॉन जेरार्ड आठवला. हा इंग्रज जेझुइट पाद्री १५९७ साली टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत होता आणि संत्र्याच्या रसाने पत्रं लिहायचा. वरून कोळशाने चार निरुपद्रवी ओळी, मधल्या कोऱ्या जागेत रस. लिंबाचा का नाही, याचं कारण त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. लिंबाची अक्षरं पाण्यात किंवा उबेला धरली की दिसतात आणि कागद वाळला की पुन्हा लपतात, म्हणजे वाटेत कोणी वाचून गेलं तरी पत्ता लागत नाही. संत्र्याची अक्षरं पाण्यात धुऊन जातात आणि उबेला एकदा उमटली की उमटलेलीच राहतात. पत्र फोडलं गेलंय का, हे पत्रच सांगतं. त्याच ऑक्टोबरात हा गृहस्थ खंदकावर दोर बांधून पसारही झाला. लेनिनची तऱ्हा आणखी वेगळी. पीटर्सबर्गच्या तुरुंगात तो दुधाने लिहायचा, दौत पावाची करायचा आणि पहारेकरी आला की दौत गिळून टाकायचा. एका दिवशी सहा दौती खाव्या लागल्या, असं त्याने कळवलं होतं. त्याच्या तोंडात निदान दौत तरी होती. माझ्या तोंडात कापूस होता, आणि हे सगळं ज्ञान त्या कापसाच्या आतल्या बाजूला होतं.

"विचारा की!" डॉक्टर म्हणाले.

"मी विचारू का?" असा आवाज दाराकडून आला.

दाराशी स्टुलावर एक आजोबा बसले होते. त्यांची कवळी मागच्या खोलीत घासायला गेली होती आणि ती येईपर्यंत डॉक्टरांनी त्यांना आत बसू दिलं होतं. दात नसल्यामुळे त्यांचा 'स' निसटत होता. "मी पोश्टात होतो," ते म्हणाले. "चाळीश वर्षं शॉर्टिंगला."

चाळीस वर्षं केलेल्या कामाला शॉर्टिंग म्हणणाऱ्या माणसाने पुढचा अर्धा तास घेतला.

"पाकिटावर श्टँप पुरेशे होते का?"

"गैरलागू," डॉक्टर म्हणाले.

"गैरलागू कशे? कमी अशतील तर पत्र बेरंग होतं. बेरंगाचे पैशे घेणाऱ्याने भरायचे अशतात. कैद्याच्या खिशात पैशे अशतात का?"

"आजोबा, तिकिटं पुरेशी होती असं समजा."

"अशं शमजून चालत नाही. वजन कोणी केलं?"

सुई माझ्या दाढेत तशीच थांबली होती. मी भुवई उडवून तिची आठवण करून दिली. डॉक्टरांना ती भुवई म्हणजे प्रश्न वाटला. "नाही," ते मला म्हणाले. माझ्या कुठल्या प्रश्नाचं हे उत्तर, हे मला अजून कळलेलं नाही.

"पत्र कैद्याला जेलर देतो का?" आजोबा.

"हो! आता बरोबर चाललंय."

"मग पोश्टमनची शही कुठाय?"

"गैरलागू."

"पत्र बायकोच लिहिते कशावरून? शाशू लिहीत अशेल."

"सासू गैरलागू आहे हो, आजोबा."

"शाशू कधीच गैरलागू नशते, डॉक्टरशाहेब."

नळी धरलेली मदतनीस मुलगी हसली, नळी सरकली, आणि दोन मिनिटं माझी लाळ माझ्याच गळ्यात उतरत राहिली. आजोबा मग पत्ता कोणाच्या अक्षरात, शिक्का कुठल्या तारखेचा, पाकीट चिकटवलेलं की नुसतं खोचलेलं, अशी चौकशी करत गेले. त्यांना कोड्यात रस नव्हताच. त्या कैद्याच्या टपालाची हेळसांड होत होती आणि ती त्यांना बघवत नव्हती. "तिकिटाच्या खाली बघितलं का?" हा त्यांचा प्रश्न डॉक्टरांनी हसण्यावारी नेला. मला मात्र तो पटला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सेन्सॉर पाकिटात घातलेली सुटी तिकिटं काढून घ्यायचे आणि तेवढ्याच किमतीची दुसरी घालायचे, कारण तिकिटांची संख्या आणि क्रम यातूनही निरोप जाऊ शकतो. टपालाने खेळायच्या बुद्धिबळाच्या चाली बंद, शब्दकोडी बंद, विणकामाचे नमुनेसुद्धा बंद. दोन उलट, एक सुलट, यात आरमार लपलेलं असेल, कोण जाणे.

मग आजोबांनी गोष्ट सांगितली. विलायतेत १८४० साली ते एका पेनीचं काळं तिकीट आलं, त्याआधी टपालाचा खर्च बहुधा पत्र घेणारा द्यायचा. आणि एक बाई म्हणे दारात आलेलं पत्र उलटसुलट बघून परत करायची. पैसे नाहीत म्हणायची. खरी गोष्ट अशी की आत कागद कोराच असायचा. पाकिटावरच्या खुणांवरूनच माणूस खुशाल आहे हे तिला कळायचं. "फुकटात!" आजोबा इतक्या कळवळून म्हणाले की ती बाई त्यांच्याच हातून निसटली असावी.

इथे माझ्या डोक्यात काहीतरी हललं. निरोप पत्राच्या आत नसतोच मुळी. पाठोपाठ पहिल्या महायुद्धातला तो किस्सा आठवला. तार आली, 'वडील वारले.' सेन्सॉरला शब्दांचा संशय, म्हणून त्याने ती 'वडील निवर्तले' करून पुढे पाठवली. थोड्या वेळाने उलट तार आली: 'वडील वारले की निवर्तले?' म्हणजे सेन्सॉर नुसता वाचत नाही, तोही पत्रात लिहितच असतो. मग या काटेकोर जेलरने लिहिलं काय? काळे पट्टे! बायको मुद्दाम आक्षेपार्ह शब्द घालत असणार. जेलरने किती खोडले, कुठल्या ओळीत खोडले, तोच निरोप. चार पट्टे म्हणजे चार तारीख. जेलर दर आठवड्याला इमानेइतबारे तिचा मजकूर लिहून देत होता.

उत्तर सापडलं होतं. आता ते बाहेर काढायचं होतं.

जेरेमाया डेंटन नावाचा अमेरिकी वैमानिक उत्तर व्हिएतनाममध्ये कैदेत होता. १९६६ साली त्याला कॅमेऱ्यापुढे बसवून छान चाललंय म्हणून वदवून घ्यायचा बेत होता, तेव्हा त्याने बोलता बोलता पापण्यांनी मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांच्या लिपीत, 'टॉर्चर' असं सांगितलं. इंग्रजी सात अक्षरं, पंधरा उघडझापा. मला मोर्स येत नाही, पण निदान लक्ष तरी वेधावं म्हणून मी जोरजोरात पापण्या मिटल्या. "सर, यांच्या डोळ्यांवर लाइट येतोय," मदतनीस मुलगी म्हणाली आणि तिने मला काळा चष्मा घातला.

डोळे गेले. हात उरले. व्हिएतनाममधलेच युद्धकैदी भिंतीवर ठोके देऊन बोलायचे. पाच ओळी, पाच रकाने, आधी ओळीचे ठोके, मग रकान्याचे. इंग्रजीची सव्वीस अक्षरं पंचवीस घरांत मावेनात, म्हणून त्यांना 'के' गाळावा लागला होता. आपल्याकडे अशी ओढाताण नाही. क-वर्ग ते प-वर्ग, पाच पंचे पंचवीस. आपली वर्णमाला तुरुंगात जायच्या तयारीनेच बसवलेली आहे. य, र, ल, व वगैरे मंडळी बाहेर राहतात, पण मला सांगायचा शब्द होता 'खाडाखोड'. ख म्हणजे पहिली ओळ, दुसरं घर. ड म्हणजे तिसरी ओळ, तिसरं घर. सगळा शब्द चौकटीत! मला इतका आनंद झाला की दाढेचा विसर पडला. खुर्चीच्या हातावर मी ठोके दिले. एक, दोन. तीन, तीन. एक, दोन. तीन, तीन. काना-मात्रा देता येत नसल्यामुळे जे उमटलं ते 'खडखड'.

"खुर्ची खडखडतेय का गं?" डॉक्टर म्हणाले.

मुलीने वाकून खुर्चीचे स्क्रू तपासले. मी पुन्हा ठोके दिले. डॉक्टरांनी हे दुखण्याचं लक्षण मानून भुलीचं आणखी एक इंजेक्शन दिलं.

आता थोडं रागाने लिहितो, कारण राग आहेच. 'लॅटरल थिंकिंग', म्हणजे आडवा विचार, हा शब्द एडवर्ड द बोनो यांनी १९६७ साली काढला तो मळलेली वाट सोडून दहा वाटा शोधाव्यात म्हणून. त्याच नावाने घातल्या जाणाऱ्या या कोड्यांत वाट एकच असते आणि ती घालणाऱ्याच्या खिशात असते. बाकी दहा वाटा गैरलागू. आजोबांचं तिकीट काय वाईट होतं? त्या कोऱ्या पत्रातून खुशाली कळत होतीच की! प्रश्न विचारायचा, उत्तराची सोय ठेवायची नाही, वर "विचार करा, विचार करा" म्हणायचं. फोनवरची ती बाई नाही का, तुमचं मत आम्हाला महत्त्वाचं आहे म्हणते आणि मत द्यायला एक ते नऊ आकडे देते! मी पैसे देऊन आ वासला होता. मला कोडं नको होतं. छताकडे बघत पडू दिलं असतं तरी मी समाधानी होतो.

पण उत्तर आलं होतं ना. ते गिळवेना. मी हवेत लिहिल्याची खूण केली. मुलगी हुशार. तिने माझ्या हातात पेन दिलं आणि गळ्याशी लावलेल्या कागदी रुमालाचा कोपरा फाडून दिला. चष्म्याच्या अंधारात, आडवं पडून, पोटावर कागद ठेवून मी तो एक शब्द लिहिला आणि चिठ्ठी हात लांब करून पुढे केली. डॉक्टरांचे दोन्ही हात माझ्या तोंडात. मुलीच्या एका हातात नळी, दुसऱ्यात आरसा. चिठ्ठी पडली. पडताना मी ऐकली. स्टूल सरकल्याचंही ऐकलं.

मग शांतता. मग एक लांब "अच्छा!"

"डॉक्टरशाहेब, एक विचारू? जेलर जे खोडतो, तोच निरोप का?"

"आजोबा!" डॉक्टरांनी दोन्ही हात माझ्या तोंडातून काढून टाळी वाजवली. "बरोबर! दोन वर्षं हे कोडं घालतोय, पहिल्यांदा कोणी सोडवलं!"

मोकळ्या तोंडाने मी ताबडतोब तक्रार नोंदवली. ती "फे फाझं उफ्फर" अशी उमटली. ओठ दोन इंजेक्शनांचा होता.

"तासभर बोलू नका," डॉक्टर म्हणाले. "आणि हे बघा, हे असं आडवं चालायला हवं डोकं. आजोबांचं वय बघा!"

चाळीस वर्षं टपाल हाताळलेल्या माणसाने माझं टपाल वाटेत फोडलं होतं, वाचलं होतं आणि स्वतःच्या नावावर बटवडा केलं होतं. तोवर मागच्या खोलीतून कवळी आली. आजोबांनी ती बसवली, जबडा दोनदा हलवून पाहिला, आणि त्या दुपारचा त्यांचा पहिला स्वच्छ 'स' माझ्याकडे बघून उच्चारला. "सोपं होतं."

दाढ आज भरून झाली नाही. वेळ पुरला नाही म्हणे. पुढच्या गुरुवारी चौथी बैठक, आणि डॉक्टरांनी आत्ताच सांगून ठेवलंय की पुढचं कोडं याहून भारी आहे. मी बाहेर पडून चपला घालत होतो तेव्हा आजोबा मागून आले आणि चार घड्या घातलेली ती चिठ्ठी त्यांनी माझ्या खिशात सरकवली. "तुमचं काहीतरी पडलं होतं," म्हणाले, आणि जिन्याने उतरून गेले.

घरी येऊन उघडली. अंधारात लिहिताना माझ्याकडून 'खाडखोड' झालं होतं. पहिल्या 'ड'चा राहिलेला काना त्यांनी तांबड्या पेनने घालून दिला होता.