भाऊसाहेबांचा डोंगर आणि पिवळा दिवा

काल कट्ट्यावर विषय काढावाच लागला नाही, कारण भाऊसाहेब चक्क पायी आले. गाडीतला इशाऱ्याचा पिवळा दिवा तिसऱ्यांदा लागला होता, गाडी गॅरेजमध्ये होती आणि दोष अर्थातच ती बनवणाऱ्यांचा होता.

"डोंगर चढण्यासाठी घेतलेली एसयूव्ही बाजारापर्यंत जाऊन येण्यात बिघडते, याला काय म्हणावे?" असे त्यांनी तळहातावर मूठ आपटून विचारले. गाडी घेतल्यापासून त्यांनी चढलेला सर्वांत मोठा चढ म्हणजे त्यांच्याच इमारतीच्या तळघरातून वर येणारा रस्ता, हे ठाऊक असल्यामुळे आम्ही सारे जमिनीकडे पाहू लागलो. शालूताई मात्र त्यांच्याकडेच पाहत होत्या.

"भाऊसाहेब, डोंगर चढला असतात, तर हा दिवा लागलाच नसता," त्या म्हणाल्या. डिझेलच्या धुरातली काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे धुराच्या वाटेवर बसवलेल्या गाळणीत, साठते आणि ती जाळून टाकण्यासाठी आतले तापमान साधारण 600 अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एका लयीत गाडी पळाली, तर हे काम चालकाच्या नकळत उरकते. पण दीड किलोमीटरवर इंजिन बंद करणाऱ्याच्या गाडीत ते प्रत्येक वेळी अर्धवट राहते, आणि त्यासाठी जादा फवारलेल्या डिझेलचा काही भाग झिरपून इंजिनच्या तेलात उतरतो. "मागच्या महिन्यात तुम्हीच छाती फुगवून सांगत होतात ना, की इतरांच्या गाड्या तेल पितात आणि तुमच्या गाडीतले तेल उलट वाढते?"

भाऊसाहेबांनी यावर 'पूर्वीच्या गाड्या' हे आपले आवडते भाषण सुरू केले. जुन्या दणकट सांगाड्याच्या जीपचे गुण ते नव्या गाडीच्या नावावर खपवू लागले, तेव्हा बंड्याने त्यांना अडवले. 1994 साली टोयोटाची रॅव्ह-4 आली तीदेखील मोटारीच्याच धर्तीवर, वेगळ्या सांगाड्याशिवाय बांधलेली होती. आपल्या या लहान एसयूव्ही म्हणजे टाचा उंचावून उभ्या राहिलेल्या हॅचबॅक आहेत, असे तो म्हणाला. वाक्य चांगले होते, पण बंड्याला चांगले वाक्य पचत नाही. लगेच त्याने आपल्या जुन्या बाजारातून घेतलेल्या गाडीचे टायर कसे 'जवळजवळ नवे' आहेत, हे ऐकवले.

"बाजूवरचे चार आकडे वाचलेस का?" शालूताईंनी विचारले. "मी वाचले. 2216 म्हणजे 2016 सालचा बाविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे झाले आहे. तू नापास झालास त्याच वर्षीचे आहेत ते."

ब्रेक ऑइलवरून तर कडाक्याचे वाजले. ब्रेक लागतात म्हणजे ते ठीक आहे, असे भाऊसाहेबांचे मत. ते हवेतला ओलावा शोषते, डॉट 4 प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो आणि पाणी मुरल्यावर तो 155 पर्यंतही उतरू शकतो, म्हणून मी दर दोन वर्षांनी ते बदलते, असे ताईंनी वहीतली नोंद दाखवून सांगितले. त्या वहीच्या पहिल्याच पानावर, भाऊसाहेबांनी पूर्वी उसनी नेलेली आणि रिकाम्या टाकीनिशी परत केलेली ताईंची स्कूटर तारखेसह नोंदलेली आहे, हे तेव्हाच सर्वांना कळले.

"मग काजळी जाळण्यासाठी मी रोज गावाबाहेर भटकत राहू काय?" भाऊसाहेब कळवळून म्हणाले.

"मुळीच नको. बाजारात आज आलात तसेच चालत जात जा."

हसण्यात पुढचे काही ऐकू आले नाही. अखेर बंड्याने त्यांना घरी सोडण्याची तयारी दाखवली. भाऊसाहेबांनी खिशातून चष्मा काढला, वाकून पुढच्या टायरवरचे आकडे वाचले, आणि काही न बोलता पायीच निघाले.