आईचं नाव आलं, आईचं कूळ कधी येणार?

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र सरकारने बंधनकारक केला. त्यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेटलेला वाद अजून पुरता विझलेला नाही. चुलतभावाच्या मुलीचा जन्मदाखला आला आणि "हे काय नवीन खूळ" इथपासून "बाईला आत्ता कुठे न्याय मिळाला" इथपर्यंत सगळं बोलून झालं. मी या निर्णयाच्या बाजूने आहे. मात्र मी जिथे राहते तिथल्या लोकांची नाती बघितल्यावर तो फार तोकडा वाटतो.

मी अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या फार्मिंग्टन गावात राहते आणि शाळेत गणित शिकवते. गावाबाहेर पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात नवाहो राष्ट्राची, म्हणजे नवाहो या मूळ अमेरिकन आदिवासींच्या स्वशासित प्रदेशाची, हद्द लागते. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला हा सुमारे २७ हजार चौरस मैलांचा मुलूख, आणि नोंदणी झालेले लोक चार लाखांच्या घरात. हे लोक स्वतःला 'दिने' म्हणवतात.

शाळा सुरू झाली की पहिल्या दिवशी नवाहो मुलं आपली ओळख करून देतात. नाव सांगून कोणी खाली बसत नाही. नावामागून चार कुळं येतात, ठरलेल्या क्रमाने : पहिलं आईचं, दुसरं वडिलांचं (म्हणजे वडिलांच्या आईचं), तिसरं आईच्या वडिलांचं आणि चौथं वडिलांच्या वडिलांचं. माणूस आईच्या कुळाचा असतो आणि वडिलांच्या कुळासाठी जन्मलेला असतो, असं ते मानतात. उंच घराचे, कडू पाण्याचे, चिखलाचे, मिठाचे अशी कुळांची नावं. साठाहून अधिक कुळं आहेत. मुळातली चार कुळं 'बदलत राहणारी स्त्री' या देवतेने आपल्या अंगाच्या त्वचेतून घडवली, अशी त्यांची श्रद्धा आहे.

ही यादी ऐकता ऐकता वर्गात नाती जुळत जातात. मागच्या बाकावरचा मुलगा मान वर करून म्हणतो, "मग मी तुझा आजोबा लागतो." दोघं एकाच वयाची असतात. त्या दिवसापासून तो तिला घरी सोडायला जातो, तिच्या घरी लाकडं फोडायची असली तर हजर असतो. एक मुलगी मला विशेष आठवते. तिची आई गोरी होती. नवाहो कूळ आईकडूनच येतं, म्हणजे तिला पहिलं कूळ नाहीच, असं मी मनात धरलं होतं. ती उभी राहिली आणि पहिल्या जागी तिने सरळ 'बिलागाना', म्हणजे गोरे लोक, असं सांगितलं आणि मग वडिलांचं कूळ घेतलं. आई परकी असली म्हणून आईची जागा रिकामी ठेवायची नाही आणि तिथे बापाला आणून बसवायचंही नाही.

आपल्याकडे आंतरजातीय लग्नात आईचं नेमकं काय होतं? मूल बापाच्या जातीचं, हे आपण धरूनच चालतो. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका खटल्यात सांगितलं की हे गृहीतक अंतिम नाही. मूल आईच्या समाजात वाढलं असेल, त्या समाजाचे भोग त्याच्या वाट्याला आले असतील, तर ते पुराव्याने मांडता येतं. तरीही दाखल्यासाठी फाईल उघडली की कागद मागितले जातात ते वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे. जानेवारी २०२४ मध्ये मराठा आंदोलनातून 'सगेसोयरे' या शब्दाच्या व्याख्येचा सरकारी मसुदा निघाला. राज्यभर त्याची चर्चा झाली. त्यातही नाती मोजली आहेत ती अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यामागच्या पिढ्यांत जातीतच झालेल्या लग्नांवरून. आरक्षण कोणाला द्यायचं हा वाद मी इथे बसून सोडवू पाहत नाही. माझ्या घराला जातीच्या दाखल्यासाठी कधी कोणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही, त्यामुळे त्या रांगेत उभ्या असलेल्यांना मी शहाणपण शिकवणार नाही. पण नवऱ्याने टाकलेली बाई मुलांना एकटीने वाढवते आणि मुलांच्या दाखल्यासाठी तिला त्याच नवऱ्याच्या भावांकडे कागद मागायला जावं लागतं, तेव्हा अर्जावर वर लिहिलेलं तिचं नाव तिच्या काय कामाचं?

लग्नाचे नियम नवाहोंनाही आहेत, आणि कडक आहेत. आईच्या कुळात लग्न नाही, वडिलांच्या कुळात नाही, त्या कुळांशी नातं मानलेल्या कुळांतही नाही. आपल्याकडे देवक एक निघालं की सोयरीक मोडते, सगोत्र म्हटलं की अजून भुवया उंचावतात (कायद्याने ती बंदी १९४६ सालीच उठवली), त्यामुळे हे आपल्याला ओळखीचं वाटतं. मामाच्या मुलीशी लग्न मात्र आपल्या अनेक समाजांत चालतं. हे मी एका नवाहो सहकारी बाईंना सांगितलं तेव्हा त्या गप्पच झाल्या.

खरा फरक वेगळाच आहे आणि तो आपल्याच माणसाने याच देशात सांगून ठेवला आहे. मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींवर निबंध वाचला. कुळाबाहेर लग्न करण्याचा नियम जगभर सापडतो, त्याने जात होत नाही. त्या नियमावर 'गटातच लग्न' हा दुसरा नियम चढवला की जात तयार होते, हे त्यांनी तिथे मांडलं. नवाहोंकडे पहिला नियम आहे. दुसरा त्यांनी आपल्या परंपरेत बसवला नाही. उलट बाहेरून आलेल्यांची त्यांनी कुळं केली. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्पॅनिश फौजांपुढून पळालेले हेमेझ गावचे प्वेब्लो लोक (शेजारचेच दुसरे आदिवासी) त्यांच्यात येऊन राहिले, आज त्यांच्या वंशजांचं नवाहो कूळ आहे. मेक्सिकन मुळाचं कूळ आहे, यूट या शेजारच्या आदिवासींपासून आलेलं आहे. आश्रयाला आलेल्या बाईची मुलं एका पिढीत कुळवंत झाली. आपल्याकडे तीनशे वर्षं एका वेशीच्या आत राहूनही गावकुसाबाहेरचा माणूस बाहेरचाच राहिला.

हे सगळं फार गोड रंगवायची माझी इच्छा नाही. कूळ आईचं म्हणजे सत्ता बाईची, असं तिथेही घडलेलं नाही. नवाहो राष्ट्राच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत २००६ आणि २०१० ला लिंडा लव्हजॉय दोन्ही वेळा हरल्या, आणि बाईने हे पद घ्यावं का यावरच तेव्हा वाद झाला. कौन्सिलच्या, म्हणजे त्यांच्या विधिमंडळाच्या, सभापतिपदी पहिली बाई आली ती २०२३ मध्ये. कागदाने त्यांचाही घात केलेला आहे. मेंढ्या आणि घर परंपरेने बाईचं. १९३० च्या दशकात जमिनीची धूप थांबवायची म्हणून अमेरिकन सरकारने मेंढ्याबकऱ्यांचे कळप सक्तीने कापले, हजारो जनावरं मारली आणि नंतर चराईचे परवाने दिले ते बहुतेक पुरुषांना, कुटुंबप्रमुख धरून. एका पिढीत बायकांच्या हातची मिळकत गेली. शिवाय आज सभासद म्हणून नोंद व्हायला किमान एक चतुर्थांश नवाहो रक्त दाखवावं लागतं. आईच्या आईकडून आलेलं कूळ अखंड असतं, पण रक्ताचा हिशेब भरत नाही म्हणून नोंदीबाहेर राहिलेली मुलं मी पाहते. रक्ताचे अपूर्णांक मांडायची ही रीत वॉशिंग्टनमधल्या दफ्तरांतून आली, आणि तिच्यावरून तिथेही घराघरांत भांडणं होतात.

तरी कुळाचं नातं रोजच्या कामाला येतं, हे मला जवळून दिसतं. एका मुलाने रजेच्या अर्जावर 'आई वारली' असं लिहिलं. त्याची आई आठवड्यापूर्वी मला भेटून गेली होती. वारली होती ती मावशी. नवाहो रीतीत आईची बहीण आईच, आणि तिच्या अंत्यविधीला, पुढच्या दिवसांत घरी हजर राहणं त्याला चुकवता येत नव्हतं. 'माय मरो पण मावशी उरो' म्हणणाऱ्या भाषेत वाढलेल्या मला त्याला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

गेल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या तान्ह्या मुलाच्या पहिल्या हसण्याचा समारंभ झाला. बाळाला पहिल्यांदा खळखळून हसवणारा माणूस जेवण घालतो, असा रिवाज. हसवलं होतं वडिलांच्या कुळातल्या एका तरुण मुलाने, पगार बेताचाच, पण मटणाचा रस्सा आणि तळलेल्या जाड भाकऱ्या त्याने सगळ्यांना पुरवल्या. आजीने बाळाची मूठ आपल्या हातात धरून प्रत्येकाच्या तळहातावर खड्याच्या मिठाची चिमूट ठेवली. मी रांगेत गेले तेव्हा आजीने आधी माझ्या आईचे लोक कोण, असं विचारलं. मी आईच्या माहेरचं आडनाव सांगितलं. मग आईची आई कुठली, हे विचारलं. ते मला सांगता आलं, पण तिच्या आईचं माहेर मला ठाऊक नव्हतं. वडिलांकडचे सात पुरुष मी श्राद्धाच्या पाठासारखे म्हणून दाखवू शकते.

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. जुन्या आवृत्तीत मुलग्यांच्या शाखा पिढ्यान् पिढ्या वाढत जातात. मुलीच्या नावापुढे सासरचं नाव आणि गाव येतं, तिथे तिची रेघ संपते. सुनांचं माहेर कंसात, तेही मिळालं तर. या वेळचा फॉर्म मला ईमेलने आला तेव्हा मी आईला, दोन्ही मावश्यांना आणि धुळ्याच्या आत्याला फोन करून चारही आज्या-पणज्यांची माहेरं गोळा केली आणि फॉर्मच्या रकान्यांत मावेना म्हणून वेगळ्या पानावर लिहून पाठवली. पानं वाढतील, छपाईचा खर्च वाढेल, असं संपादक मंडळींनी कळवलं आहे. जास्तीच्या पानांचे पैसे मी देते. मुलींच्या मुलांच्या शाखाही त्यात छापल्या जाव्यात, अशी मागणी मी लेखी दिली आहे, आणि ग्रुपवरच्या माझ्या सगळ्या बहिणींनी त्यावर सह्या कराव्यात.